आज तहनून नाही

रब्बी एलिएझरच्या घरात इम्मा शालोमने एक पहारा लावून घेतला होता. सकाळची उभ्याने म्हणायची प्रार्थना संपली की नवऱ्याला जमिनीवर तोंड टेकून याचना करू द्यायची नाही. काही ना काही निमित्त काढायचं, मध्येच बोलायला लावायचं, आणि ती घटका टाळायची. कारण नवऱ्याचं मन दुखावलेलं होतं. तुकड्या-तुकड्यांनी जोडलेली भट्टी शुद्ध धरायची की अशुद्ध, या वादात तो एकटा पडला होता. त्याच्या बाजूने झाड जागचं हललं, पाणी उलटं वाहिलं, आकाशवाणीसुद्धा झाली असं ताल्मूद हा यहुदी धर्मशास्त्राचा जुना ग्रंथ सांगतो. पण बाकीच्या पंडितांनी बहुमत धरलं आणि त्याला वाळीत टाकलं. त्या पंडितांचा प्रमुख रब्बान गमलिएल हा इम्मा शालोमचा सख्खा भाऊ. दुखावलेल्या माणसाने जमिनीवर पडून देवाकडे गाऱ्हाणं मांडलं तर ते थेट भावाला भोवेल, ही तिची भीती.

एके दिवशी तिचा पहारा ढिला पडला. तिला वाटलं, आज नव्या चंद्राचा दिवस आहे, म्हणजे आज कोणी तोंड टेकत नाही. महिना २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, यात तिची गल्लत झाली होती. (दुसऱ्या पाठानुसार दारात भिकारी आला आणि ती भाकर द्यायला उठली.) परत येऊन बघते तो नवरा जमिनीवर पडलेला. ती म्हणाली, ऊठ, माझा भाऊ गेला. आणि खरोखरच गमलिएलच्या घरून निधनाची वर्दी आली.

भट्टीच्या वादासाठी ही कथा जगभर सांगतात. मला मात्र तिच्यातल्या त्या तारखेच्या गोंधळात जास्त रस आहे. त्या काळीसुद्धा घरातल्या बाईला पक्कं ठाऊक होतं, की वर्षातले काही दिवस असे असतात जेव्हा ही याचना गप्प राहते. कुठला दिवस ‘म्हणायचा’ आणि कुठला ‘न म्हणायचा’ हा हिशेब यहुदी समाज तेव्हापासून ठेवत आला आहे, आणि तो अजून पुरा मिटलेला नाही.

या याचनेला तहनून म्हणतात. धर्मनिष्ठ यहुदी दिवसातून तीनदा प्रार्थना करतो: सकाळी शहरीथ, दुपारी मिन्हा, रात्री अर्वीथ. तिन्हींचा कणा म्हणजे अमिदा, पाय जुळवून, उभ्याने, आपल्यापुरती हळू आवाजात म्हणायची प्रार्थना. सकाळी आणि दुपारी अमिदा संपली की तहनून येतो; रात्री तो म्हणत नाहीत. मुळात त्याला ठरलेले शब्द नव्हते. सामुदायिक प्रार्थना झाली, आता ज्याने त्याने आपल्या शब्दांत आपलं दुःख, आपले अपराध देवापुढे ठेवावेत, अशी ती मोकळी जागा होती. मध्ययुगात तिथे मजकूर स्थिरावला. युरोपातल्या अश्केनाझी परंपरेत सहावं स्तोत्र आलं, आजारी, थकलेल्या, रडून अंथरूण भिजवणाऱ्या माणसाचं. स्पेन आणि पूर्वेकडच्या सेफार्दी परंपरेत पंचविसावं स्तोत्र आलं. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी त्यात भर पडते आणि तहनून चांगलाच लांबतो. ते जुने बाजाराचे आणि न्यायसभेचे दिवस. खेड्यांतले लोक गावात यायचे, म्हणून तोराचं, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचं, जाहीर वाचनही त्या दोन दिवशी लावलेलं. माणसं जमलेलीच आहेत तर याचनाही मोठी, असा तो व्यवहार. कामावर जायची घाई असलेल्यांना सोमवार-गुरुवार जड जातात, ते यामुळेच.

करण्याची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. जुन्या काळी लोक खरोखर जमिनीवर पालथे पडत. बायबलात यहोशवा कराराच्या कोशापुढे संध्याकाळपर्यंत तोंडघशी पडून राहिला, तो नमुना डोळ्यांसमोर होता. पण दगडी फरशीवर साष्टांग घालायला तोराची मनाई आहे; ते मूर्तिपूजकांसारखं दिसतं. ताल्मूदात रब्ब नावाच्या पंडिताची हकीकत आहे. उपासाच्या दिवशी बॅबिलोनियातल्या एका सभागृहात सगळे पालथे पडले आणि तो मात्र तसाच राहिला. का, याची जी उत्तरं पंडितांनी शोधली त्यांत एक उत्तर पायाखालच्या फरशीचं आहे. पुढे लोक पुरतं न पडता कुशीवर कलू लागले, आणि हळूहळू आजची रीत आली: खाली बसायचं, हात आडवा धरायचा आणि त्यावर कपाळ टेकून चेहरा झाकायचा. कुठला हात, तेही ठरलेलं आहे. सकाळी डाव्या दंडावर तफिल्लीन, म्हणजे चर्मपत्रावर लिहिलेली वचनं ठेवलेली काळी चामडी डबी, पट्ट्याने बांधलेली असते; तिचा मान राखायचा म्हणून कपाळ उजव्या हातावर. दुपारी तफिल्लीन नसते, तेव्हा डाव्या हातावर. समोर तोराची गुंडाळी असेल तरच कपाळ टेकायचं, नसेल तर नुसतं बसून म्हणायचं. यरुशलेममध्ये मात्र गुंडाळी नसली तरी टेकतात, कारण ते अख्खं नगरच पवित्र. सेफार्दी लोक बहुधा कपाळ टेकतच नाहीत. मन पुरतं अर्पण न करता नुसतं शरीर टेकलं तर ते जिवावर बेतू शकतं, असा धाक ‘जोहार’ या गूढवादी ग्रंथाने घालून ठेवला आहे, तो त्यांनी मनावर घेतला.

इतकी गंभीर प्रार्थना, आणि वगळायला इतकी सोपी? याचं उत्तर तिच्या दर्ज्यात आहे. नवव्या शतकात बॅबिलोनियातल्या सुरा इथल्या विद्यापीठाचे प्रमुख नात्रोनाय गाओन यांनी निर्वाळा दिला की तोंड टेकून याचना करणं ऐच्छिक आहे. अमिदाला असा निर्वाळा कुणी देणार नाही. ऐच्छिक म्हटल्यावर जरासं सबळ कारणही पुरतं, आणि अशी कारणं शतकानुशतकं साठत गेली. सोळाव्या शतकात साफेद गावी राहणाऱ्या योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरूख’ ही धर्मसंहिता रचली. १५६५ साली ती व्हेनिसला छापली गेली. तिच्या पहिल्या भागातलं १३१ वं प्रकरण सगळं याच विषयाचं. क्राकोचे मोशे इस्सेर्लेस यांनी त्यात अश्केनाझी चालीरीतींची भर घातली, आणि यादी आणखी लांबली.

त्या प्रकरणात तारखांच्या आधी माणसं येतात, आणि मला तोच भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. सभागृहात नवरदेव हजर असेल तर तहनून नाही. लग्नानंतर सात दिवस तो ज्या सभागृहात पाऊल टाकेल तिथे, त्या वेळेपुरता, सगळ्यांचाच तहनून रद्द. शेजारच्या बाकावरचा माणूस कर्जात बुडालेला असो, त्याची आई इस्पितळात असो, त्याला रडायचं असो. खोलीत एक नवरदेव आहे, म्हणून आज कुणीच रडगाणं गायचं नाही. सुंतेच्या दिवशीही तसंच. बाळाचा बाप, ज्याच्या मांडीवर बाळाला ठेवतात तो, आणि सुंता करणारा, या तिघांपैकी एक जरी प्रार्थनेला आला तरी सगळ्यांना सूट. ही सूट लोकांना इतकी गोड वाटते की काही धर्मशास्त्र्यांना उलट सल्ला द्यावा लागला: नवरदेवाने त्या आठवड्यात सभागृहात न आलेलंच बरं, उगाच सगळ्यांची प्रार्थना बुडते.

इथपर्यंत हिशेब सरळ दिसतो, आनंद आहे तर याचना नको. पण त्याच ओळीत, त्याच यादीत आणखी एक नाव आहे: सुतकाचं घर. कुणी वारलं की जवळचे नातेवाईक सात दिवस घरात, खाली किंवा बुटक्या पाटावर बसून असतात. ते सभागृहात जात नाहीत, म्हणून प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष त्यांच्या घरी जातात. आणि तिथे तहनून म्हणत नाहीत. ज्या घरात रडणं सगळ्यात स्वाभाविक, तिथेच रडायची प्रार्थना बंद.

शास्त्र्यांनी याची दोन कारणं दिली आहेत. पहिलं आमोस संदेष्ट्याच्या आधाराने: त्याने सणांचा शोक होईल असा इशारा देताना सण आणि शोक एका वाक्यात बांधले, सणाला सात दिवस तसे शोकालाही सात, आणि सणाला तहनून नाही तसा शोकालाही नाही. हे कारण शास्त्र म्हणून चोख आहे, पण मनाला भिडतं ते दुसरं. ज्या घरावर आधीच देवाच्या कठोर न्यायाचा हात पडला आहे, तिथे बसून ‘आम्ही अपराधी आहोत, आमच्यावर कोप करू नकोस’ असं म्हणणं म्हणजे त्या न्यायाला पुन्हा हाक मारणं. मेलेल्याच्या मुलासमोर पापाची कबुली नको. यरुशलेमच्या ताल्मूदात असं म्हटलं आहे की लग्नाचे सात दिवस आणि शोकाचे सात दिवस, दोन्ही मोशेनेच नेमून दिले. माझ्या मते या जोडीत या नियमाचा खरा गाभा आहे. आनंद आणि दुःख यांच्या तराजूपेक्षा इथे विचार आहे तो खोलीत कोण बसलं आहे याचा. ज्याचा दिवस आहे त्याच्या दिवसाप्रमाणे बाकीच्यांनी आपली प्रार्थना कापून घ्यायची.

आता तारखा. शनिवारच्या शब्बाथला आणि सगळ्या सणांना तहनून नाही, हे सांगायला नको. रोश होदेश म्हणजे नव्या महिन्याचा पहिला दिवस, त्यालाही नाही. इम्मा शालोमची गल्लत तीच. किस्लेव महिन्यात सुरू होणाऱ्या हनुक्काच्या आठही दिवशी नाही. पुरीमचे अदार १४ आणि १५ नाही, आणि अधिक महिना असलेल्या वर्षी दोन अदार येतात तर पहिल्या अदारातल्या त्याच तारखांनाही नाही, जरी खरा पुरीम दुसऱ्या अदारात असला तरी. इय्यार १४ला नाही: अशुद्ध असल्यामुळे किंवा प्रवासात असल्यामुळे ज्यांचा वल्हांडण हुकला त्यांना तोराने महिन्याभराने दिलेली ती दुसरी संधी. इय्यार १८ला नाही: वल्हांडणापासून चालू असलेल्या मोजणीचा तो तेहेतिसावा दिवस, रब्बी अकिवाच्या शिष्यांना ग्रासणारी साथ त्या दिवशी थांबली असं मानतात. सिवान महिना लागला की शाबुओथ हा सण होईपर्यंत नाही. आव १५ला नाही. ताल्मूदाचा गाभा असलेल्या मिश्नात वर्णन आहे की त्या दिवशी यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचत, आणि ते कपडे सगळ्यांनीच उसने घेतलेले असत, म्हणजे जिच्याकडे नाहीत तिला लाज वाटायला नको. या एका तपशिलासाठी तरी तो दिवस लक्षात राहावा.

निसान हा अख्खाच्या अख्खा महिना सुटतो, आणि तो कसा सुटतो हे पाहिलं की या शास्त्र्यांची गणिती बुद्धी कळते. वाळवंटात देवाचा निवासमंडप उभा राहिला तेव्हा निसानच्या १ तारखेपासून १२ दिवस इस्राएलच्या बारा वंशांचे सरदार रोज एक असे अर्पणं घेऊन आले. ‘गणना’ ग्रंथाच्या सातव्या अध्यायात एकेकाच्या चांदीच्या परातीचं वजनसुद्धा नोंदलं आहे. हे बारा दिवस सणासारखे. मग १४ला वल्हांडणाची पूर्वसंध्या, १५ पासून आठवडाभर वल्हांडण. निम्म्याहून जास्त महिना पावित्र्यात गेला, मग उरलेल्या दिवसांनाच कशाला वेगळं काढायचं? म्हणून सगळाच महिना मोकळा. मराठी वाचकासाठी यात एक गंमत आहे. यहुदी पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे, १९ वर्षांत सात अधिक महिने घालून ऋतूंशी मेळ राखणारं. त्यामुळे निसान साधारण आपल्या चैत्राच्या जोडीने चालतो. २०२४ साली ९ एप्रिल, २०२५ साली ३० मार्च आणि २०२६ साली १९ मार्च, सलग तिन्ही वर्षं गुढीपाडवा आणि निसानचा पहिला दिवस एकाच तारखेला आले. दर वर्षी असं होत नाही. अधिक महिना घालायची दोघांची वर्षं वेगळी असली की महिन्याची तफावत पडते. २०२१ साली निसान १४ मार्चला लागला आणि पाडवा १३ एप्रिलला आला.

तिश्री महिन्यात योम किप्पूर या प्रायश्चित्तदिनाच्या आदल्या दिवसापासून सुक्कोथ हा मांडवांचा सण संपेपर्यंत सुट्टी, काही ठिकाणी महिनाअखेरपर्यंत. यातला सगळ्यात मजेशीर दिवस म्हणजे रोश हशाना या नववर्षदिनाच्या आदला. त्या पहाटे क्षमायाचनेच्या खास प्रार्थना असतात आणि त्यांत तहनून म्हणतात. मग उजाडतं, शहरीथ सुरू होते, आणि तिच्यात तहनून गळतो. तोच माणूस, तीच जागा. मध्ये सूर्य उगवला एवढाच फरक. साधारणपणे वगळायच्या दिवसाच्या आदल्या दुपारच्या मिन्हापासूनच सूट लागते, कारण यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि सणाची चाहूल दुपारीच लागलेली असते. रोश हशाना आणि योम किप्पूर यांच्या पूर्वदिवसांना मात्र ही आगाऊ सूट नाही. ते सण थोडेच आहेत, ते सणांचे उंबरे.

आणि मग आव ९. यरुशलेमचं पहिलं मंदिर आणि दुसरं मंदिर दोन्ही पडल्याचा शोकदिवस, वर्षातला सगळ्यात काळा. सूर्यास्तापासून पुढच्या रात्रीपर्यंत कडक उपास, पायात चामड्याचं पादत्राण नाही, एकमेकांना नमस्कार-चमत्कार नाही, सकाळी तफिल्लीनही नाही. याचनेला याहून योग्य दिवस कुठला? पण तहनून नाही. कारण ‘विलापगीत’ या ग्रंथात त्या दिवसासाठी जो शब्द वापरला आहे तोच सणालाही वापरतात. सुतकाच्या घराचाच नियम इथे साऱ्या समाजाला लागू झाला आहे, असं मला वाटतं. त्या दिवशी सगळेच सुतकात असतात.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाला हा सगळा हिशेब बराच उशिरा मिळाला. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक. त्यांच्याजवळ हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शेमा’ तेवढी उरली होती. तहनूनच नव्हता, तर तो वगळायचा कुठून? पण दिवस मात्र त्यांनी राखले होते, आपल्या भाषेत आणि आपल्या जेवणाच्या खुणांनी. आवच्या नवमीला ते ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत, कारण उपास सोडताना मोड आलेल्या कडधान्याचं बिरडं असे. योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, दारं लावून घरात बसायचा. रोश हशाना ‘नव्याचा सण’, आणि पुरीम, शिमग्याच्या पौर्णिमेला खेटून येणारा, ‘होळीचा सण’. हनुक्का मात्र त्यांना ठाऊक नव्हता. शेवात १५, जो बाकी यहुदी जगात झाडांचा नवा वर्षारंभ म्हणून तहनून-मुक्त, तो इथे ‘एलियाहू हनाबीचा उरूस’. अलिबागजवळच्या खंडाळे गावातल्या खडकावर संदेष्टा एलियाच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा. तिथे जाऊन मलिदा करायचा, भिजवलेल्या पोह्यात गूळ-साखर, ओलं खोबरं, वेलची आणि फळं घालून. मुंबईत १७९६ साली सामुएल इझिकेल दिवेकर यांनी ‘शार हारहमीम’ हे समाजाचं पहिलं सभागृह उभारलं, कोचीनहून आणि पुढे बगदादकडून शिकवणारे आले, छापील प्रार्थनापुस्तकं आली, आणि त्यांच्याबरोबर सेफार्दी वळणाचा तहनून आणि त्याचे सुट्टीचे दिवसही आले.

प्रार्थना गळण्याचं कारण दर वेळी सण किंवा शोकच असतं असं नाही. शंभरावं स्तोत्र हे आभाराचं, रोज सकाळी म्हणायचं. अश्केनाझी लोक ते वल्हांडणाच्या पूर्वसंध्येला आणि सणाच्या मधल्या दिवसांत वगळतात. का, तर मंदिराच्या काळी आभाराच्या अर्पणाबरोबर खमीर घातलेल्या भाकऱ्या लागत, आणि त्या दिवसांत खमीर वर्ज्य. मंदिर पडून साडेएकोणीसशे वर्षं झाली, अर्पण नाही, भाकरी नाही. पण ती भाकरी चालली नसती म्हणून तिचं स्तोत्र अजून गप्प.

पावसाची मागणी तर निम्म्याहून अधिक वर्ष गप्प असते. अमिदातल्या एका आशीर्वादात दव आणि पाऊस मागायचे शब्द आहेत, ते फक्त हिवाळ्यात म्हणतात आणि वल्हांडण आला की थांबवतात. इस्रायलमध्ये ते हेश्वान ७ला सुरू होतात. सुक्कोथ संपताच का नाही? तर यात्रेला आलेला शेवटचा माणूस फरात नदीपर्यंत घरी पोचू दे, त्याला वाटेत भिजवू नको, म्हणून पंधरा दिवस थांबायचं, असं मिश्ना सांगतो. देवाकडे पाऊस मागतानाही रस्त्यावरच्या माणसाचा विचार. इथेही खोलीतल्या नवरदेवासारखाच कुणा एकाचा दिवस पाहिलेला आहे. इस्रायलबाहेर बॅबिलोनियाचा हिशेब चालतो: शरद संपातापासून साठावा दिवस. तो जुन्या जूलियन वर्षमानाने काढल्यामुळे सध्या ४ डिसेंबरच्या संध्याकाळी येतो, आणि पुढचं वर्ष लीप असेल तर ५ डिसेंबरच्या. यहुदी प्रार्थनापुस्तकात इंग्रजी तारीख घुसलेली ही बहुधा एकमेव जागा.

म्हणजे अलिबागचा बेने इस्राएल डिसेंबर ते एप्रिल पाऊस मागतो आणि जून ते सप्टेंबर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहोर असतो, शेतात पांढरा कांदा असतो, आणि अवकाळी सरीची बागायतदाराला धडकी भरलेली असते. हा प्रश्न नवा नाही. निनवेच्या लोकांनी ताल्मूदकाळीच विचारलं होतं, आम्हाला तर भर तम्मूजमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातही पाऊस लागतो, आम्ही काय करायचं? उत्तर मिळालं: तुमची गरज तुमच्यापुरती समजा, पावसाच्या आशीर्वादाला हात लावू नका, ‘प्रार्थना ऐकणारा’ या सर्वसाधारण आशीर्वादात हवं ते मागा. कोकणालाही तेच उत्तर लागू पडतं.

तहनून वगळायच्या दिवसांची यादी अजून वाढते आहे, आणि तिथेच भांडणं आहेत. हसिदी पंथीयांमध्ये आपल्या गुरूच्या पुण्यतिथीला तहनून वगळायची रीत रुजली. गुरूचा आत्मा त्या दिवशी वर चढतो, मग शोक कसला? हबाद पंथाचे संस्थापक लियादीचे श्नेउर झलमान १७९८ साली किस्लेव १९ला रशियन कैदेतून सुटले. त्यांच्या अनुयायांसाठी तोही सणाचा दिवस. विरोधकांनी टोमणे मारले की हसिदींना तहनून टाळायला कुठल्याही रब्बीची पुण्यतिथी चालते. त्यात थोडं तथ्य आहे. पण शास्त्रानेच दार उघडं ठेवलं होतं. हसिदींनी फक्त ते जास्त वेळा वापरलं.

१४ मे १९४८ रोजी, इय्यार ५ला, इस्रायल राष्ट्र जाहीर झालं आणि या जुन्या नियमाला राजकारणाची धार आली. धार्मिक झायोनवाद्यांनी त्या दिवशी तहनून सोडला आणि सणाला म्हणायची हल्लेल ही स्तुतिस्तोत्रं घेतली. १९६७ साली यरुशलेमचा पूर्व भाग ताब्यात आला, तेव्हा इय्यार २८ही त्या यादीत गेला. कट्टर हरेदी समाजातल्या बहुतेकांना सेक्युलर राष्ट्राच्या वाढदिवसाला धार्मिक सण मानायचं नव्हतं. त्यांचा त्या दिवशीचा तहनून रोजच्यासारखाच चालू राहिला. बने ब्राकमधल्या पोनेवेझ येशिवाचे, म्हणजे धर्मपाठशाळेचे, प्रमुख योसेफ श्लोमो काहानेमान हे हरेदी असूनही स्वातंत्र्यदिनी येशिवावर राष्ट्रध्वज लावत. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. त्या दिवशी ते ना हल्लेल म्हणत, ना तहनून. कुणीतरी छेडलं, ही कुठली रीत? तर म्हणे त्यांनी सांगितलं: पंतप्रधान बेन-गुरियनची. तेही हल्लेल म्हणत नाहीत आणि तहनूनही म्हणत नाहीत.

राष्ट्र जाहीर झाल्यापासून स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी एकाच गल्लीत दोन सभागृहं असली की अमिदा संपण्याच्या क्षणी फरक ऐकू येतो. एकीकडे माणसं खाली बसून हातावर कपाळ टेकतात. दुसरीकडे कारभारी टेबलावर हात आपटतो, म्हणजे कुणी चुकून बसायला नको, आणि हल्लेल सुरू होते.